“अभ्यासू मुलगी, हुशार मुलगा”: हे शिक्के बाजूला ठेवून आपली अभ्यासाची रीत कशी तपासायची

गेल्या वर्षी शिफारसपत्रांची जुनी फाइल आवरायला काढली आणि आवरणं बाजूलाच राहिलं. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते, त्याला बावीस वर्षं झाली. पुढच्या शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलामुलींना लिहून दिलेली पत्रं त्या फाइलीत होती. विद्यार्थिनींच्या पत्रांत पुन्हा पुन्हा तेच शब्द होते: मेहनती, नियमित, नीटनेटकी, जबाबदार. विद्यार्थ्यांच्या पत्रांत कल्पक, तल्लख, स्वतंत्र विचारांचा. त्यातले दोघं तर एकाच वर्षाचे, एकाच पेपरात जवळजवळ सारखे गुण मिळवलेले. तिच्याबद्दल मी लिहिलं होतं, “अतिशय अभ्यासू.” त्याच्याबद्दल, “अतिशय हुशार.” दोन्ही पत्रं मी मनापासून लिहिली होती, आणि त्यामुळेच ते वाचताना मनाला जास्त लागलं.

आपल्याकडे या दोन शब्दांत केवढं अंतर आहे! अभ्यासू म्हणजे बसते, खपते, म्हणून गुण मिळतात. हुशार म्हणजे मुळातच डोकं आहे. “करत नाही, पण केलं तर पहिला येईल” हे वाक्य मुलाबद्दल आपण किती सहज बोलतो. मुलीबद्दल ते मी क्वचितच ऐकलंय. शिक्का लहानपणी बसतो आणि विद्यापीठात येईपर्यंत मूल त्याला जागायला लागतं. अभ्यासू म्हणवली गेलेली मुलगी समजलं नाही की आणखी दोन तास वाढवते. हुशार म्हणवला गेलेला मुलगा समजलं नाही की ते लपवतो. शिकणं दोघांचंही अडतं, फक्त वेगवेगळ्या जागी.

विद्यापीठात शिकणाऱ्या, आणि “मुली पाठ करतात, मुलं समजून घेतात” किंवा “मुली सिन्सिअर, मुलं टाइमपास” यातलं काहीतरी ऐकून ते स्वतःबद्दल खरं मानून बसलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. आपली रीत तपासायची कशी आणि बदलायची कशी, एवढंच सांगायचं आहे.

आधी रीती ओळखा

१९७६ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि नंतर विचारलं, काय कळलं आणि वाचलंत कसं? काही जण मजकुरावर नजर ठेवून होते: नावं, आकडे, व्याख्या, जे पुढे विचारलं जाईल ते. काही जण मजकुरापलीकडे बघत होते: लेखकाला म्हणायचंय काय, त्याने ते कशावरून म्हटलंय? पहिल्या रीतीला वरवरची म्हणतात, दुसरीला सखोल. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढे कसले प्रश्न येणार याची जी कल्पना विद्यार्थ्याच्या मनात असते, तिच्यावरून तो वाचण्याची रीत बदलतो. म्हणजे रीत माणसाच्या स्वभावात कोरलेली नसते. ती माणूस आणि समोरचं काम यांच्यामध्ये तयार होते.

पुढे तिसरी रीत त्यात आली, मी तिला हिशेबी म्हणते. कुठल्या प्रश्नाला किती गुण, कुठलं युनिट सोडलं तर चालेल, कुठल्या सरांना कसं उत्तर आवडतं, हे पाहून वेळ वाटणारी. तिला नावं ठेवू नका. ज्याला सहा पेपर आणि घरची कामं एकाच महिन्यात सांभाळायची आहेत, त्याला हिशेब करावाच लागतो.

आता एक उदाहरण जवळून बघू. एका विद्यार्थिनीची वही माझ्यासमोर होती. शीर्षकं निळ्या शाईत, सूत्रं लाल चौकटीत, बाजूला पिवळा हायलायटर. नमुन्याच्या प्रसरणाचं, म्हणजे व्हेरियन्सचं (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याच्या मापाचं), सूत्र तिने पाच पानांवर पाच वेळा लिहिलेलं: सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज भागिले एन वजा एक, एन म्हणजे आकड्यांची संख्या. मी विचारलं, “भागाकार एन वजा एकने का करायचा? एनने का नाही?” ती गप्प. मग म्हणाली, “मॅडम, पुस्तकात तसं आहे.” तिच्या शेजारचा मुलगा, ज्याला सगळे ‘कन्सेप्टवाला’ म्हणायचे, लगेच बोलला, “नमुना आहे ना मॅडम, म्हणून करेक्शन.” मी म्हटलं, “कसलं करेक्शन?” तोही गप्प. तिच्याकडे सूत्र होतं, त्याच्याकडे शब्द होता. कारण दोघांकडेही नव्हतं, पण तोपर्यंत वर्गात तिची गणना घोकणाऱ्यांत आणि त्याची समजणाऱ्यांत होत होती. माझीही समजूत तीच होती.

मग आम्ही तीन आकडे घेतले: २, ४, ९. सरासरी ५. सरासरीपासूनची अंतरं उणे ३, उणे १ आणि अधिक ४. बेरीज शून्य. मग मी तीन आकड्यांचा दुसरा संच दिला: पहिली दोन अंतरं उणे ६ आणि अधिक २, तिसरं सांगा. दोघांनी एकदम सांगितलं, अधिक ४. “मी तर ते दिलंच नव्हतं, तुम्हाला कसं कळलं?” ती वहीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “कारण बेरीज शून्यच यायला पाहिजे. म्हणजे तिसऱ्याला स्वतःचं मत नाही.” इतकी नेमकी ओळ मी बावीस वर्षांत कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. तिसरं अंतर मोकळं नाही, मोकळी दोनच, म्हणून पहिल्या संचातल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज २६ भागिले ३ न करता भागिले २ करायची. सहा मिनिटांत वरवरची रीत सखोल झाली, त्याच मुलीची, त्याच बाकावर. तिच्यात काही बदललं नव्हतं. तिला मिळालेला प्रश्न बदलला होता.

फरक किती, हे आकड्यांत समजून घ्या

संख्याशास्त्र शिकवत असल्यामुळे इथे थोडं थांबणं मला भाग आहे. “मुली अशा, मुलं तशी” हे वाक्य सरासरीचं असतं, आणि दोन सरासऱ्यांमध्ये फरक असला म्हणून दोन माणसांबद्दल फारसं काही कळत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी स्त्री-पुरुष फरकांवरच्या ४६ संकलित विश्लेषणांचा, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र मांडणाऱ्या विश्लेषणांचा, एकत्र आढावा घेतला. त्यातले ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. ‘लहान’ म्हणजे किती? संशोधनात ज्याला ०.२ चा फरक म्हणतात तो घ्या. पुढे असलेल्या गटातला एक जण आणि मागच्या गटातला एक जण चिठ्ठ्या टाकून निवडला, असं शंभर वेळा केलं, तर पुढच्या गटातला माणूस साधारण ५६ वेळा वरचढ ठरेल आणि ४४ वेळा उलटं होईल. नाणं उडवलं तर ५०. एवढ्याशा झुकावावरून अशा जोडीत कोण वरचढ हे सांगणारा माणूस ४४ वेळा चुकेल.

गुणांचंही तसंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात शाळेपासून विद्यापीठापर्यंतच्या वर्गातल्या गुणांत मुली थोड्या पुढे दिसल्या. भाषेत हा फरक सर्वाधिक होता आणि गणितात सर्वांत कमी. गणितातही तो मुलींच्या बाजूनेच होता, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण उलट समज फार पक्का आहे.

सखोल आणि वरवरच्या रीतीबाबत तर पाहण्यांचं एकमतच नाही. कुठे मुली पुढे, कुठे मुलं, आणि विषय बदलला की चित्र बदलतं. फरक जरा ठळक दिसतो तो भावनेच्या बाजूला: नापास होण्याची भीती मुली जास्त नोंदवतात. आणि भीती माणसाला वरवरच्या रीतीकडे ढकलते. घाबरलेला माणूस जे हातात पक्कं धरता येईल ते धरतो, म्हणजे शब्दच्या शब्द. तेव्हा एखादी मुलगी पाठ करताना दिसली, तर तिची भीती कुठून येतेय हे आधी विचारायला हवं.

जुन्या काळी तर अर्ध्या जगाला विचारलंच जात नव्हतं. विद्यार्थ्याची विचार करण्याची पद्धत पदवीच्या वर्षांत कशी वाढत जाते याचा विल्यम पेरी यांनी मांडलेला प्रसिद्ध नकाशा १९७० मध्ये आला, आणि तो मुख्यतः हार्वर्डमधल्या मुलग्यांच्या मुलाखतींवर उभा होता. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चार संशोधिकांनी १३५ स्त्रियांच्या मुलाखती घेऊन दाखवलं की समोरच्याच्या जागी उभं राहून त्याचं म्हणणं आतून समजून घेणं हीसुद्धा ज्ञानाची पक्की वाट आहे, वाद घालून तपासणं ही एकच वाट नाही. आजही बहुतेक पाहण्यांत दोनच चौकटी असतात, स्त्री आणि पुरुष. ज्यांची ओळख या दोन्हींत बसत नाही, त्यांच्याबद्दल या आकड्यांतून काहीच म्हणता येत नाही. पण पुढची कृती त्यांनाही जशीच्या तशी लागू पडते, कारण ती कामाकडे बघते.

पंधरा दिवसांची वही

साधी वही घ्या. अभ्यासाला बसलात की उठताना चार ओळी लिहायच्या, जास्त नाही.

पहिली ओळ: काय केलं? “चॅप्टर तीन केला” असं नको, हात आणि डोळे नेमकं काय करत होते ते लिहा. वाचलं, अधोरेखित केलं, पुस्तक मिटून आठवलं, गणित सोडवलं, मैत्रिणीला समजावलं. दुसरी ओळ: ‘का’ला उत्तर देता आलं का? त्या दिवशीची एक गोष्ट निवडायची आणि ती तशीच का, हे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहायचं. जमलं नाही तर “नाही” लिहायचं. तिसरी ओळ: मनात काय होतं? कुतूहल, घाई, भीती, कंटाळा, कुणाला दाखवायचं होतं, काही असेल ते. चौथी ओळ: अडल्यावर काय केलं? सोडून दिलं, परत वाचलं, विचारलं की कुणी विचारेल याची वाट पाहिली?

नाव लिहू नका, मुलगा की मुलगी हे कुठेच येऊ देऊ नका. पंधराव्या दिवशी वही दुसऱ्या कुणाची समजून वाचा. मी माझ्या वर्गात हे करते तेव्हा वह्यांची अदलाबदल करायला लावते आणि विचारते, ही मुलीची वही की मुलाची? सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास दोन-तीन वह्यांतच उतरतो.

वाचताना पुढच्या गोष्टी शोधा. दुसऱ्या ओळीत “नाही” कुठल्या विषयात जास्त आलं? सगळीकडे सारखं आलं असेल तर सवयीचा प्रश्न आहे. एकाच विषयात आलं असेल तर त्या विषयाचा, त्या शिकवण्याचा किंवा त्या परीक्षेचा प्रश्न आहे, तुमचा नाही. पहिल्या ओळीत तेच ते काम दिसतंय का? २०१३ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित तंत्रांची परीक्षा केली. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरवणं ही दोन तंत्रं सर्वांत उपयोगी ठरली. अधोरेखित करणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेली. सुंदर वहीचं कौतुक ज्यांच्या वाट्याला जास्त येतं, त्यांनी हे नीट वाचावं. वही सुंदर असायला हरकत नाही, पण ती मिटल्यावर डोक्यात काय उरतं ते मोजा.

तिसरी ओळ सगळ्यात कठीण. मुलग्यांच्या वह्यांत ती बहुधा रिकामी असते, निदान पहिला आठवडा. एकाने मला सांगितलं, “मॅडम, मनात काही नव्हतं.” मी म्हटलं, काही नव्हतं असंच लिही. आठव्या दिवशी त्याने लिहिलं, “हे पहिल्या वर्षीच यायला हवं होतं. विचारलं तर सगळ्यांना कळेल.” दोन सेमिस्टर तो याच एका गोष्टीभोवती फिरत होता.

वर्गात बोलणं

हा भाग मी लांबवणार आहे, कारण माझ्या अनुभवात लिंगाचा खरा परिणाम डोक्यात कमी आणि इथे जास्त दिसतो.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या प्रास्ताविक जीवशास्त्राच्या २३ वर्गांची पाहणी प्रसिद्ध झाली. वर्गात मुली सुमारे ६० टक्के होत्या. शिक्षकांच्या प्रश्नांना ऐकू आलेल्या उत्तरांत मुलींचा आवाज ४० टक्क्यांहून कमी होता. २०१८ मध्ये दहा देशांतल्या ३५ संस्थांमधल्या व्याख्यानांवर आणखी एक अभ्यास आला. व्याख्यानानंतरचा पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी येत होते.

हे वाचल्यावर मी स्वतःच्या वर्गात एक बदल केला. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच कुणाला तरी बोलवायचं. पहिले तीन दिवस मलाच ती शांतता सहन होईना. पण चौथ्या-पाचव्या अंकाला एक हात वर येतो आणि आठव्या-नवव्याला दुसरे. लगेच हात वर करणारी नेहमीची चार मुलं होती. उशिरा वर येणाऱ्या हातांत मुली जास्त होत्या, आणि काही अबोल मुलंही, ज्यांचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

तुम्ही विद्यार्थी असाल तर शिक्षक बदलण्याची वाट बघू नका. प्रश्न घरून लिहून न्या. एकच, एका ओळीचा. “समजलं नाही” असा प्रश्न नको, त्याला नेमकं उत्तर देता येत नाही. “दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर कसे गेलो?” असा न्या. सुरुवातीच्या दहा मिनिटांत विचारा, नंतर धीर कमी होत जातो. “कदाचित हा मूर्ख प्रश्न असेल, पण...” ही सुरुवात खोडा. ती मी मुलींच्या तोंडून फार ऐकते आणि दरवेळी मला वाईट वाटतं, कारण त्यापुढे येणारा प्रश्न बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात चांगला असतो. मैत्रिणीशी ठरवून घ्या: आज तू विचार, मी पाठोपाठ विचारते. दुसरा प्रश्न विचारणं पहिल्यापेक्षा खूप सोपं असतं.

आणि ज्याचा हात आपोआप वर जातो त्याच्यासाठी. उत्तर माहीत असतानाही एका तासात दोनदा हात खाली ठेवून बघ. त्या वेळात वहीच्या कडेला आपलं उत्तर पूर्ण वाक्यात लिही. बोलून टाकलेलं अर्धवट उत्तर आणि लिहिलेलं पूर्ण उत्तर यातलं अंतर तुलाच दिसेल. आमच्या कन्सेप्टवाल्या मुलाने हे महिनाभर केलं. त्याने स्वतःहून सांगितलं, “बोलताना वाटायचं मला येतंय, लिहिताना कळतं येत नाही.”

इथेच आणखी एक गोष्ट जोडून घ्या: स्वतःला मोजणं. २००३ च्या एका अभ्यासात विज्ञानावरच्या छोट्या चाचणीत विद्यार्थी आणि विद्यार्थिनींचे गुण जवळजवळ सारखे आले, पण विद्यार्थिनींनी स्वतःच्या कामगिरीचा अंदाज कमी बांधला, आणि नंतर विज्ञान स्पर्धेचं आमंत्रण आलं तेव्हा नकारही जास्त दिले. चाचणीने त्यांना मागे ठेवलं नव्हतं, अंदाजाने ठेवलं. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक चाचणी देऊन बाहेर पडताना वहीत अपेक्षित गुण लिहा. निकाल आला की शेजारी खरे गुण. पाच-सहा चाचण्यांनंतर तुमचा कल कळेल. अंदाज सतत कमी पडत असेल, तर “मला झेपणार नाही” असं वाटून एखादा पेपर सोडण्याआधी ती पाच-सहा नोंदींची यादी काढून बघा. सतत जास्त होत असेल तर परीक्षेच्या आठवडाभर आधी स्वतःची पूर्ण वेळाची चाचणी घ्या, घड्याळ लावून.

ग्रुप प्रोजेक्टमधली कामं

थोडक्यात सांगते. पाच जणांचा ग्रुप, दोन मुली. रिपोर्ट कोण टाइप करणार, स्लाइड्स कोण सजवणार, सगळ्यांना मेसेज करून आठवण कोण करणार? आणि कोड कोण लिहिणार, व्हायवात पद्धत कोण समजावणार? बहुतेक ग्रुपांत उत्तर न विचारता ठरतं. तिचं अक्षर छान, त्याला कॉम्प्युटरची आवड. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण ज्या कामाला हात लागतो तेच शिकलं जातं, आणि टाइप करणारीला विश्लेषणाचा सरावच मिळत नाही.

पहिल्याच बैठकीत कामांचे दोन रकाने करा: ज्यातून विषय शिकता येतो अशी कामं, आणि जी नुसती उरकायची आहेत अशी. प्रत्येकाच्या वाट्याला दोन्ही रकान्यांतलं काहीतरी आलंच पाहिजे. ज्याला जे येत नाही ते त्याने करायचं, येणाऱ्याने शेजारी बसायचं, कीबोर्डला हात न लावता. वेळ दीडपट लागेल, म्हणून सुरुवात लवकर करा. एका मुलीने हे ग्रुपमध्ये मांडलं तेव्हा तिला ऐकावं लागलं की उगाच भांडण काढतेस. तिने आवाज न चढवता विचारलं, “व्हायवात मला रिग्रेशनवर प्रश्न आला तर उत्तर कोण देणार?” (रिग्रेशन म्हणजे दोन गोष्टींमधलं नातं आकड्यांना रेषा बसवून काढणं.) वाद तिथेच मिटला.

एक सराव, दोन्ही बाजूंनी

सखोल रीतीला दोन दारं आहेत. एक शंका घेण्याचं, दुसरं विश्वास ठेवून आत शिरण्याचं. मुलींनी ऐकून घ्यावं आणि मुलांनी वाद घालावा, अशी आपली वाटणी असते. त्यामुळे बहुतेकांचं एकच दार वापरात राहतं.

एखादा लेख किंवा सिद्धांत घ्या. पहिली वीस मिनिटं लेखकाचे वकील व्हा: हे खरं असेल तर का खरं आहे, त्याला काय दिसलं असेल, माझ्या माहितीतलं कुठलं उदाहरण त्याला बळ देतं? मग दहा मिनिटं चहाला किंवा फेरी मारायला जा. नंतरची वीस मिनिटं विरोधी वकील: पुरावा कुठे तोकडा आहे, कोणाला विचारलेलं नाही, उलटं उदाहरण सापडतं का? दोन्ही बाजू लिहा. जी बाजू लिहिताना पेन अडतो, तिचा सराव पुढच्या वेळी आधी करा. शंका काढायला घाबरणाऱ्या मुली मी पाहिल्यात. त्याहून जास्त अशी मुलं पाहिलीत, ज्यांना पानभर खोड्या काढता येतात पण लेखकाचं म्हणणं तीन ओळींत नीट सांगता येत नाही.

“मी बघून शिकणारी आहे” किंवा “मी ऐकून शिकणारा” असल्या शिक्क्यांनाही फार जागा देऊ नका. शिकवण्याची पद्धत विद्यार्थ्याच्या अशा आवडीशी जुळवली की तो जास्त शिकतो, याला भक्कम पुरावा नाही, असं २००८ च्या एका तपशीलवार आढाव्यात आढळलं. आलेख बघूनच कळतो, उच्चार ऐकूनच येतो. पद्धत विषय ठरवतो.

परीक्षा तोंडावर असताना

परीक्षेला दहा दिवस उरले असताना मी कुणाला सखोल व्हायला सांगत नाही. मागच्या पाच प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: ‘आठवा’ की ‘समजवा’. जिथे आठवायचंच आहे तिथे पाठ करा, मनात कमीपणा न आणता, कारण काही गोष्टी पाठच असाव्या लागतात. जिथे समजवायचं आहे तिथे वही मिटून मोठ्याने समजवा, भिंतीला का असेना. ज्या पेपरात सगळे प्रश्न ‘आठवा’चेच आहेत, तिथे घोकंपट्टी करणारा विद्यार्थी वरवरचा नसतो, पेपर वरवरचा असतो. हे मी माझ्या सहकाऱ्यांनाही सांगते आणि माझे पेपर काढताना मोजते.

परीक्षा संपली की वही पुन्हा उघडा आणि आणखी पंधरा दिवस चालवा, या वेळी दुसऱ्या सेमिस्टरच्या एखाद्या अवघड विषयासाठी. लाल चौकटीवाल्या त्या मुलीने तसंच केलं. तिची वही आता पूर्वीइतकी सुबक नाही, समासात प्रश्नचिन्हं आहेत, काही ठिकाणी अख्खं पान खोडलेलं आहे. गेल्या महिन्यात ती तासानंतर टेबलाशी आली. “मॅडम, एक अज्ञात सरासरी मोजली म्हणून एक वजा केला. मग रिग्रेशनमध्ये एन वजा दोन का आहे, ते मला वाटतं कळलंय. रेषेला उतार आणि छेद दोन्ही त्याच आकड्यांतून काढावे लागतात, म्हणून दोन गेले. बरोबर का?” बरोबर होतं. कन्सेप्टवाला मागेच उभा होता, त्याने तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि या वेळी लिहून घेतलं.